खळग्यातलं मीठ

परभणी जिल्ह्यात आदिमानवाच्या खुणा शोधायला निघालेय असं सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, मग पायांतल्या नव्या बुटांकडे, आणि मग चहाचं विचारतो. शेजारच्या मालतीवहिनींनी मात्र स्पष्टच सांगितलं, "अहो, त्यापेक्षा कुठल्या तरी यात्रेच्या बसमध्ये बसा. सोबत तरी मिळते." यात्रेच्या बसमध्ये मी एकदा बसून आले होते. सोबत मिळते हे काही खरं नाही. सीट मिळते.

खरं तर त्या बसचीच ही सगळी करणी. आमचे हे गेल्यावर दुसऱ्या वर्षी मुलीने बंगळुरूहून परस्पर नाव नोंदवून मला निवृत्त मंडळींच्या सहलीत बसवून दिलं. मध्य प्रदेशात चित्रांच्या गुहा दाखवल्या. गाईड घाईत होता, मंडळी फोटो काढण्यात. मी एका कपारीखाली मागे राहिले. वर तांबड्या रंगात काड्यांसारखी बारीक माणसं एकमेकांचे हात धरून नाचत होती. किती हजार वर्षं झाली कुणास ठाऊक, अजून कुणी कुणाचा हात सोडला नव्हता. मला रडू आलं. गाईडला वाटलं ऊन लागलं, त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

परत आल्यावर फोनवरच्या एका अभ्यासवर्गात नाव घातलं. शिकवणारे सर पुण्याचे, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. दख्खनचं पठार, लाव्ह्याचे थर, काळा कातळ, सगळं फळ्यावर काढून काढून हात दुखले. पण त्या कातळाकडे कधी वाकून पाहिलं नव्हतं. सरांना विचारलं, आमच्याकडे असं काही असेल का? ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या काळ्या दगडात रंग टिकणं अवघड. तुम्ही खळगे शोधा. दगडावर दगड आपटून, घासून केलेले, वाटीएवढे. कशासाठी केले ते कुणालाच नक्की माहीत नाही."

वाटी म्हटल्यावर मला यांचा येलदरीचा खडक आठवला.

आमचे हे, वसंतराव, वीज खात्यात होते. मधली काही वर्षं त्यांची नेमणूक येलदरीला होती. मुलीच्या शाळेसाठी मी परभणीत, ते धरणावर. शनिवारी यायचे आणि सोमवारी उजाडायच्या आत निघायचे. उन्हाळ्यात टॉवरच्या लाइनीची कामं निघाली की दुपारचं जेवण पाण्याकाठच्या एका खडकावर व्हायचं. "त्या खडकाला आयत्या वाट्या आहेत," ते रंगून सांगायचे. "एकीत मीठ, दुसरीत चटणी, तिसरीत कांदा. भांडी घासायची कटकटच नाही. एका हाताला धरणाची भिंत, दुसऱ्या हाताला पाण्याकडे उतरणारे टॉवर. अशी भूक लागते म्हणून सांगू!" मुलगी त्याला बाबांचं हॉटेल म्हणायची. मी म्हणायचे, घरच्या कांद्याला नावं ठेवायला तुम्हाला निमित्त पाहिजे. कारण मी कांदा सुरीने चिरायचे, आणि त्यांना तो बुक्कीनेच फोडलेला लागायचा.

"चल एकदा दाखवतो," ते म्हणायचे. रिटायर झाल्यावर जाऊ, असं ठरलं होतं. ते रिटायर झाले आणि त्याच पावसाळ्यात गेले. दवाखान्याच्या दारात रिक्षा पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तर मला तो खडक शोधायचा होता. सरांना मी सांगितलं, शास्त्रीय नोंद करायची आहे. तेही खोटं नव्हतं.

सेलू, देवगाव फाटा

फाल्गुन नुकताच लागला होता. पहिला मुक्काम सेलूला, नणंदेकडे. शालनताई वयाने माझ्यापेक्षा मोठ्या आणि तोंडाने फटकळ. जिनिंगचा हंगाम सरत आला होता, तरी रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले होते. संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना खडकाचं सांगितलं.

"डोंगरभर दगडच हायत तिकडं. सापडंल का तुला?"

"सापडेल की."

"अन् सापडून करणार काय हायेस तू मंगल?"

मी बुटांच्या नाड्या सोडायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सकाळी मात्र दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिठाची पुडी असं सगळं बांधून दिलं आणि पिशवीत वरून दोन कांदे टाकले. मी कच्चा कांदा खात नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. "वसंताला लागायचा," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

देवगाव फाट्याला बस बदलताना मी पहिला घोटाळा केला. दगडाचा फोटो काढताना शेजारी माप ठेवायचं असतं, म्हणजे खळगा वाटीएवढा की परातीएवढा ते कळतं. त्यासाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी मुद्दाम रंगवून घेतली होती, ती बसमध्ये विसरले. फाट्यावरच्या दुकानातून शाळेची लाकडी फूटपट्टी घेतली. चहा पिताना ती हातात बघून शेजारच्या फेटेवाल्या बाबांनी विचारलं, "सर्वेला आलाव का मॅडम? रस्ता जायलाय का इकून?"

मी म्हटलं, नाही, दगड बघायला आलेय.

"म्हंजे खाणच की!" बाबा चपापले. "आमच्या रानाकडं नका येऊ बघा. आमच्यात दगड न्हाईत, लय भुसभुशीत हाय समदं." चहाचे पैसे मात्र त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

परभणीत मी बाजारात निघाले तर कुणी विचारत नाही, कुठे चाललात. इथे प्रत्येक जण विचारतो, आणि उत्तर पटलं नाही तर स्वतःच एक तयार करून देतो. एकट्या बाईला ते एका परीने बरं वाटतं.

येलदरी

जिंतूरहून येलदरीला उतरले आणि आधी वसाहतीकडे वळले. वसाहतीतला रस्ता, जिन्याची क्वार्टर्स, लिंबाच्या झाडाखालचा पार, हे सगळं मी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलं होतं की मला वाटलं, दिसताक्षणी ओळखू येईल. कित्येक दारांना कुलपं होती. ओसरीत गवत वाढलेलं. त्यांची खोली कोणती, हे सांगायला कुणीच नव्हतं.

फाटकावरच्या तरुण रखवालदाराला विचारलं, पाठक साहेब इथे होते, वीज खात्यात, माहीत आहेत का? त्याने मान हलवली. "न्हाई मॅडम. मी नवा हाय. जुने समदे बदलून गेले." मग धरणाच्या भिंतीचा फोटो काढायला त्याने सौजन्याने मनाई केली. टपरीवाल्याला विचारलं, तोही आठवून आठवून थकला. एक माणूस इतकी वर्षं इथे राहिला, चहा प्यायला, हसला, आणि गावाच्या ध्यानातून असा पुसला गेला. मला गावाचा राग आला. रागावून मी तळलेल्या माशांचं ताट मागवलं. मासा ताजा होता, पाठोपाठ दुसरा मागवला, आणि राग निम्म्यावर आला.

टपरीवर बसलेल्या दोघा मासेमाऱ्यांनी माझी चौकशी ऐकली होती. "खड्डेवाला दगड पायजे ना तुमाला? चला." काठाकाठाने त्यांनी मला एका सपाट दगडाशी नेलं. बघते तर दोन ओळींत कोरलेले खळगे, एकासारखा एक! मी बूट काढले, पालथी पडले, फूटपट्टी ठेवली, फोटोवर फोटो काढले. दोन म्हातारे गुराखी बराच वेळ बाजूला उभे राहून बघत होते. शेवटी त्यातला एक अदबीने म्हणाला, "बाई, जरा सरकता का? आमचा डाव ऱ्हायलाय." दोघे बसले, खिशातून मूठमूठ चिंचोके काढले आणि खळग्यांत वाटून खेळायला लागले. कालचा अर्धा राहिलेला डाव होता.

सरांना फोटो पाठवले तर त्यांनी हसण्याचं चित्र धाडलं. एकसारखे, ओळीत आणि कडा करकरीत असले तर बहुधा खेळाचा पट. जुन्या खळग्यांच्या कडा झिजलेल्या असतात, ते लहानमोठे असतात आणि रांग धरत नाहीत. आणि खाली त्यांचा नेहमीचा दम: खडू भरायचा नाही, पाणी ओतायचं नाही, हात घासायचा नाही, खळग्यात काहीही ठेवायचं नाही. काठावर फिरून हा शोध सुरू करू बघणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. बुटांपेक्षा हे नियम महत्त्वाचे.

गयामावशींची वस्ती

राहायची सोय टपरीवाल्याने लावली. "वर वस्तीवर गयामावशीकडं जा. जागाच जागा हाय. पोरं समदी कोयत्यावर गेलीत."

कोयत्यावर म्हणजे ऊस तोडायला. दसरा-दिवाळीच्या मागेपुढे जोडीने जातात, ते उन्हं तापल्यावर परततात. वस्तीवर एका ओळीत घरं, दारांना कुलपं, आणि कुलपांना धूळ बसू नये म्हणून वर प्लास्टिकचे कागद बांधलेले. कुठे एखादा म्हातारा, कुठे दोन शेळ्या. माझ्या परभणीच्या गल्लीत दारं उघडी असतात, टीव्ही चालू असतात, आणि तरी घरात मी एकटीच असते. इथे निदान कुलपं खरं बोलत होती.

गयामावशी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. बारीक चणीच्या, कपाळावर गोंदण, एका डोळ्यावर मोतीबिंदूचा पांढुरका सारा आलेला.

"कुठून आलाव बाई?"

"परभणीहून. मी पाठकबाई. दोन दिवस राहीन म्हणते."

"ऱ्हा की. महिनाभर ऱ्हा." सूप बाजूला ठेवून त्यांनी मला नीट न्याहाळलं. "मालक?"

"नाहीत."

"माझे बी न्हाईत," त्या म्हणाल्या आणि चुलीवर चहा ठेवला. दुधाशिवायचा, गुळाचा. तेवढ्यावर आमची ओळख पुरी झाली.

भाकरी थापता थापता त्यांनी दोन जास्तीच्या थापल्या आणि स्वतःशीच हसल्या. नातवंडं गेल्यापासून हात ऐकत नाही म्हणाल्या. उरलेल्या सकाळी शेळीला. मीही अजून पातेल्यात दोघांचाच चहा टाकते आणि अर्धा ओतून देते. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते, मालतीवहिनींजवळ नाही आणि मुलीजवळ तर नाहीच. गयामावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओतून का देता? इकडं येत जावा."

दुसऱ्या दिवशी एकटीच निघाले. या वर्षी पाणी लवकर उतरलं होतं. उतरलेल्या पाण्यामागे चिखलाच्या भेगा, वाळलेले शिंपले आणि काळे खडक उघडे पडले होते. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला टॉवर, असं धरून मी काठाकाठाने चालले. भिंत दिसे तिथून टॉवर दिसत नसत, टॉवर दिसत तिथे भिंत टेकडीआड जाई. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका सपाट खडकावरून दोन्ही दिसायला लागलं. मी चहूबाजूंनी फिरून पाहिलं. नुसता काळा, सपाट, तापलेला दगड. वाट्या नाहीत, काही नाही.

तिथेच बसून दशमी खाल्ली. इतक्या वर्षांत हा खडक मी मनात एवढा मोठा करून ठेवला होता, आणि आता शंका यायला लागली की वसंतराव सगळं रंगवून सांगायचे. माणूस गेल्यावर त्याच्या थापासुद्धा आपल्याला पुरवून ठेवाव्या लागतात. माझ्या माणसाने मला थाप मारली असेल, या विचाराने मी त्या खडकावर बसून मोठ्याने रडले. ऐकायला एक टिटवी होती.

संध्याकाळी वस्तीकडे चढताना दम लागला म्हणून वळून खाली पाहिलं. सूर्य समोरच्या टेकडीला टेकला होता. उन्हाची तिरीप दगडावरून आडवी सरकत होती, आणि मी दुपारी जिथे बसले होते तो खडक काळ्या टिपक्यांनी भरून गेला होता! प्रत्येक टिपका म्हणजे सावलीने भरलेला एक खळगा. सर वर्गात घसा फोडून सांगत होते, भर दुपारी खडक बघू नका, तिरप्या उन्हात बघा. मी ते लिहूनही घेतलं होतं. आणि जेवायला बसले ती भर दुपारी, वर पदर अंथरून.

धावत उतरताना पाय मुरगळला. पोचेपर्यंत ऊन गेलं होतं, खडक पुन्हा सपाट.

लंगडत वर आले तर गयामावशी काठी घेऊन वाटेत उभ्या. "आज कितीक दिसांनी कुणाची तरी वाट बघायची पाळी आली," म्हणाल्या. मी त्यांना तिथूनच बोट करून खडक दाखवला, जिथून भिंत आणि टॉवर दोन्ही दिसतात तो.

"त्यो व्हय? त्यो तर मिठाचा खडक. पाणी भरलं की डुबतोय, उन्हाळ्यात वर येतोय. गुराखी, मासेवाले, जे जेवाया बसतंय ते मीठ तितंच ठिवतंय. माझ्या सासूच्या आधीपासून ठिवत्यात."

"मावशी, तिथे तारवाले बसायचे का? वीज खात्याचे?"

"बसायचे की. टावरची मान्सं. मी ताक नेऊन द्यायची."

"त्यांत एक होते, उंच, चष्मेवाले. लय हसायचे. कांदा बुक्कीने फोडायचे."

मावशींनी काठी टेकवून खालच्या खडकाकडे पाहिलं. "असतील बाई," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू, कांदा तर समदेच बुक्कीनं फोडत्यात. येवडी तोंडं कुठं ध्यानात ऱ्हात्यात."

खडक

सकाळी मावशी माझ्यासोबत निघाल्या. फडक्यात भाकऱ्या, माझ्या पिशवीत उरलेली चटणी. कोवळ्या उन्हात खडक पुन्हा बोलायला लागला होता. खळगे लहानमोठे, कडा झिजून गुळगुळीत, काही नुसते बोटभर, काही मुठीएवढे. रांग नाही, रीत नाही. मी पट्टी ठेवून फोटो घेतले, खडकाचं चित्र काढलं, आणि टेकाडावर चढून, जिथे फोनला रेंज होती तिथून, सरांना पाठवले. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. काही नैसर्गिक असू शकतात, वय आत्ताच सांगता येणार नाही, पण बरेचसे माणसाने केलेले दिसतात आणि फार जुने. "अभिनंदन मॅडम! कुणाला हात लावू देऊ नका."

मी खाली आले आणि मावशींना सांगितलं, हे फार पूर्वीच्या माणसांनी केलंय.

"मंग देवच की," मावशी उठल्या. "शेंदूर आणते. तुमी एवढ्या लांबून आलाव, नारळ तरी फोडाया पायजे."

"नको नको! शेंदूर नाही, तेल नाही, काहीच लावायचं नाही."

"मंग करायचं काय?"

"नुसतं बघायचं."

"नुस्तं बघाया आलाव?" त्यांनी माझ्याकडे असं काही कीव आल्यासारखं पाहिलं की मला शालनताईंचा ओट्यावरचा प्रश्न आठवला.

मी खडकावर बसले. कोण कुठला, हजारो वर्षांपूर्वीचा कुणीतरी इथे बसून दगडावर दगड आपटत राहिला. त्याचं नाव नाही, भाषा माहीत नाही, पण त्याच्या हाताची खूण माझ्या गुडघ्याशी होती. आणि माझा माणूस, जो इथे किती उन्हाळे जेवला, त्याची कुठेच काही खूण नव्हती. ना क्वार्टरात, ना टपरीवर, ना मावशींच्या ध्यानात. मला त्या आदिमानवाचा हेवा वाटला. चक्क हेवा.

ऊन चढलं, तसे खळगे एकेक करून मिटायला लागले. मावशींनी फडकं सोडलं. मी नियमाप्रमाणे डब्याचं झाकण काढून पुढे ठेवलं, मीठ-चटणीसाठी. मावशींनी झाकणाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी मिठाची पुडी उचलली, न बघता हात दगडावर फिरवला आणि एका खळग्यात मीठ ओतलं. त्याच्या शेजारच्यात चटणी. रोज आपल्या घरच्या फळीवरचा डबा काढावा तितकं सहज.

"अहो मावशी..." मी म्हटलं आणि झाकण परत पिशवीत टाकलं.

मीठ पांढरंशुभ्र, त्या काळ्या वाटीत गोल बसलं होतं. वसंतराव सांगायचे तसंच. त्यांनी काहीही रंगवून सांगितलं नव्हतं.

भाकरीचा तुकडा मोडला आणि हात लांबवून चटणीला लावला, मग मिठाला. बोटं खळग्याच्या तळाला लागली. आत दगड काचेसारखा गुळगुळीत होता. इतक्या बोटांनी तो तसा झाला असेल, आणि त्यांत त्यांचीही होतीच. मावशींच्या ध्यानात ते नसतील, पण त्यांची बोटं इथे होती.

सरांना पाठवलेल्या नोंदीत पुढचं लिहिलेलं नाही. चटणीच्या बाजूला तिसरा खळगा होता, जरा मोठा, रिकामा. मी पिशवीत हात घालून शालनताईंनी दिलेला कांदा काढला, दगडावर ठेवला आणि बुक्की मारली. कांदा घरंगळत गेला. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. "जोरात, बाई. भ्याव नका."

दुसऱ्या बुक्कीला फुटला. मी त्याच्या पाकळ्या सोडवल्या आणि तिसऱ्या खळग्यात ठेवल्या.